बीच्या खाली नाही

माझ्या भावाला देवाने गळा दिला तेव्हा सोबत चिमूटभर अक्कल पुडीत बांधून द्यायला हवी होती. गळा आला, पुडी वाटेत कुठे पडली कुणास ठाऊक. तो आता एकाहत्तरीला आलाय, तरी मी ती शोधतेच आहे.

डेन्झिल रॅटलिफ. आमच्या खाणींच्या डोंगरातल्या क्लिंच नदीच्या वरच्या अंगाला कुठल्याही घराच्या ओसरीवर हे नाव घ्या, समोरचा लगेच म्हणेल, "तो बीवाला ना?" बी ही गाण्याची पट्टी. पुरुषाच्या गळ्याला उंच. मानेच्या शिरा फुगल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि बँजो-मँडोलिनच्या आमच्या ब्लूग्रास गाण्यात लोकांना नेमकं तेच हवं असतं. सुखासुखी गायलेलं त्यांना गाणं वाटतच नाही. दुसरे गवई बीमध्ये एखादं गाणं म्हणून घाम पुसायचे. डेन्झिल अख्खा कार्यक्रम बीमध्ये करायचा आणि वर विचारायचा, "अजून एक?"

मी ऑर्फा, त्याची धाकटी बहीण. लग्नाच्या आधीपासून त्याच्या पाठीमागे उभी राहून डबल बास वाजवतेय. बँडचं नाव 'क्लिंच फोर्क बॉइज'. त्यातली एक बॉय मी. नाव बदल म्हटलं की म्हणायचा, "पोस्टरं छापून झालीत, ऑर्फी." पोस्टरं दर वर्षी नवी छापायची, तरी उत्तर हेच. मँडोलिन माझा नवरा आर्व्हिल स्टिडम वाजवतो. बँजोवाले, फिडलवाले आले आणि गेले. आम्ही दोघं कुठे जाणार, म्हणून टिकलो.

पोटासाठी डेन्झिलने शाळेची बस चालवली. शनिवारी सकाळी रेडिओवर गाणं, संध्याकाळी कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर अग्निशमनवाल्यांच्या जेवणावळीला, आणि सोमवारी पुन्हा बस. गाणी तो बसमध्येच रचायचा. 'तीन नंबरची शिट्टी' हे खाणीच्या भोंग्याचं गाणं तिथलं. 'बर्था, फाटक उघड' हे चावट गाणंही तिथलंच, पोरं बसमध्ये चढायच्या आत त्याने ते पुरं केलं होतं. पण नाव झालं ते 'निखारा झाकू नकोस, आई'मुळे. आमच्याकडे कोळशाच्या शेगडीत रात्री निखाऱ्यावर राख ओढून ठेवतात, म्हणजे सकाळी नवा जाळ करावा लागत नाही. वडील रात्रपाळीला खाणीत असले की आमची आई झाकायची नाही. फुलता निखारा समोर ठेवून बसून राहायची. गाण्यातला पोरगा खाणीत गाडला गेलाय, तरी आईला सांगतोय:

राखेखाली निखारा झाकू नकोस, आई,
डोंगर उतरून येतोय मी, अजून उजाडलं नाही.

पहिल्या ओळीतली ती 'आई' वर जाते. जिथून कुठलाही शहाणा माणूस खाली उतरेल तिथून डेन्झिल आणखी वर जायचा आणि तिथेच थांबून राहायचा. लोकांचे घास हातात राहायचे. मी मागे उभी, तरी माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मला तर त्याचे मोजे मीच धुते हेही माहीत होतं.

या बीने त्याला नाव दिलं आणि याच बीने त्याचं वाटोळं केलं. नॅशव्हिलहून एकदा एक रेकॉर्डवाला आला होता. चांगला माणूस होता, शिजवलेला घेवडा आणि मक्याची भाकरी दोनदा मागून घेतली. म्हणाला, हे गाणं एका सुराने खाली, ए या पट्टीत घेऊ, म्हणजे रेडिओवर कानाला बरं वाटेल. एवढंच मागितलं बिचाऱ्याने. डेन्झिल म्हणाला, "बीच्या खाली उतरलं की ते गाणं बसतं. बसलेलं गाणं मी गात नाही." रेकॉर्डवाला टोपी घालून गेला. डेन्झिल सोमवारी बस घेऊन गेला. मी भांडी घासता घासता रडले, रागाने.

बरं, स्वतःपुरतं ठेवावं ना. तेही नाही. पलीकडच्या खोऱ्यातला बर्ल नावाचा एक म्हातारा गवई होता. त्याने वय झाल्यावर आपली गाणी खालच्या पट्टीत आणली, तर हा स्टेजवरून म्हणायचा, "बर्ल हल्ली तळघरातून गातो, वर आला की कळवतील." लोक खो खो हसायचे. बर्ल समोर खुर्चीवर बसलेला असला तरी हा म्हणायचा. मी मागून पायावर पाय दिला, तरी म्हणायचा. मग लोकांनी त्याचा खेळच केला. डेन्झिल माइकजवळ येऊन विचारायचा, "कुठून गाऊ?" आणि अख्खं मैदान ओरडायचं, "बी!" त्याचे टी-शर्ट निघाले. त्यावर एक अक्षर, बस्स.

आणि मग व्हायचं तेच झालं. सत्तरी जवळ आली आणि आवाज खाली उतरायला लागला. देवाघरचा नियम आहे, गुडघे उतरतात, नजर उतरते, तसा आवाज उतरतो. एका जेवणावळीत त्या 'आई'वर त्याचा गळा फाटला. खाली उतरल्यावर म्हणाला, माइक खराब. पुढच्या वेळी फुलांचे परागकण. त्याच्या पुढच्या वेळी मी केलेलं कोबीचं लोणचं. मी म्हटलं, "डेन्झिल, एमध्ये घे. कुणी मरत नाही." तो म्हणाला, "तू बास वाजव." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

तेव्हा आर्व्हिलने शक्कल काढली. डेन्झिलला वाद्य जुळवायचं यंत्र चालत नाही. देवाने कान कशाला दिलेत, म्हणतो. तो आपली गिटार कायम आर्व्हिलच्या मँडोलिनवरून लावतो. आर्व्हिल तार छेडतो, हा मान कलती करून आपली तार तिथे आणतो, झालं. तर एका वसंतात आर्व्हिल मँडोलिनच अर्धा सूर उतरवून घेऊन आला. आम्हीही आपापली वाद्यं उतरवली. डेन्झिलने नेहमीसारखी त्याच्यावरून गिटार लावली, नेहमीसारखा गिटारच्या मानेवरचा, तारा दाबून पट्टी चढवायचा चाप चौथ्या पडद्यावर आवळला, म्हणजे त्याच्या हिशेबी बी, आणि गायला. 'आई' लागली. पुढच्या वसंतात आम्ही आणखी अर्धा सूर उतरवला. चाप चौथ्यावर, बोटं जिथल्या तिथे, तोंडाने बी बी, आणि ऐकू येत होतं ते ए.

"त्याला कळेल," मी आर्व्हिलला म्हटलं होतं.

"कळलं तर माझ्यावर ढकल," आर्व्हिल म्हणाला. "नाहीतरी मी त्याला आवडत नाही."

कळलं नाही. उलट गडी जास्तच फुशारला. "एकाहत्तर," स्टेजवरून म्हणायचा, "आणि अजून बी. त्या बर्लला कुणीतरी कळवा." आम्ही मागे मूग गिळून उभे. मला इतका संताप यायचा की बासच्या तारा तोडाव्यात. पण तो गात होता. स्वतःच्या गळ्याने, आईचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेवढ्यासाठी मी ते सहन करत होते.

यंदाच्या जूनमध्ये टॅम्सिन व्हॅनोव्हरचा निरोप आला. टॅम्सिन आमच्याच खोऱ्यातली, आता मोठी झालेली. तिच्या नावावर मैदानं भरतात. ब्रश क्रीकच्या महोत्सवात तिला डेन्झिलबरोबर 'निखारा' गायचं होतं, आणि ते रेकॉर्ड होऊन तिच्या नव्या अल्बममध्ये जाणार होतं. "कुठल्या पट्टीत ते मिस्टर डेन्झिल ठरवतील," असं तिने कळवलं होतं. मिस्टर डेन्झिलने ठरवलं. काय ठरवलं ते सांगायला नको.

तिच्या बँडपुढे आमची लबाडी चालणार नव्हती. तिच्या पोरांच्या वाद्यांना ती यंत्रं चिकटवलेली असतात, सूर केसभर हलला तर दिवा लागतो. म्हणजे माझा भाऊ पाच हजार लोकांपुढे, रेकॉर्डिंग चालू असताना, खऱ्या बीमध्ये उभा राहणार. आणि खरा बी त्याच्याकडे दोन वर्षांपासून नव्हता.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी मी टॅम्सिनच्या बसकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. पोरगी पायरीवर बसून ऐकत होती, तिने एकदाही हसू येऊ दिलं नाही.

"आमची वाद्यं एक सूर उतरवायची आणि लगेच परत चढवायची म्हणजे पुढची सगळी गाणी बेसूर होतील, मिसेस स्टिडम," ती म्हणाली. "तारा ऐकत नाहीत. पण आपण सरळ एमध्ये गाऊ की. मी स्टेजवर सांगेन, माझा गळा बसलाय, माझ्यासाठी त्यांनी खाली घेतलंय. त्यांना कमीपणा नको."

"तू एवढं करशील?"

"मी आजोबांच्या ट्रकमध्ये त्यांची ती कॅसेट झिजवलीय. मला ते गाताना हवेत. पट्टी काय करायचीय."

मला तिला दत्तक घ्यावंसं वाटलं. पण आता डेन्झिलला सांगायचं होतं, आणि आर्व्हिल नेमका कुठेतरी लिंबूपाणी आणायला गेला होता. हा माणूस संकटाच्या वेळी कायम लिंबूपाणी आणायला जातो.

डेन्झिल आमच्या कॅम्पर-गाडीच्या मागे घडीच्या खुर्चीत बसून टोमॅटोचं सँडविच खात होता. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि डाग पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल खोवला होता.

"डेन्झिल, आपण दोन वर्षं बीमध्ये गात नाही आहोत."

"मग काय जपानीत गातोय?"

"एमध्ये गातोय. आर्व्हिल मँडोलिन उतरवून आणतो. आम्ही सगळेच उतरवतो. तू त्याच्यावरून लावतोस."

तो चावत राहिला. मग म्हणाला, "तुला ती पोरगी माझ्याबरोबर गातेय हे सहन होत नाही. माझ्यामागे जन्म गेला, तुला कुणी बोलावलं नाही, म्हणून हे."

असा राग आला म्हणून सांगू. त्याचे मोजे, त्याचे शर्ट, त्याची औषधं, आणि वर हे ऐकून घ्यायचं. मी टॅम्सिनच्या बँजोवाल्याकडून मागून आणलेलं ते यंत्र त्याच्या गिटारला चिकटवलं. "छेड. खोटं बोलत असेन तर दिसेलच." त्याने छेडली. मी एकेक तार पिळून खऱ्या सुरावर नेली. मग चाप चौथ्या पडद्यावर लावला आणि गिटार त्याच्या मांडीवर आदळली. "गा आता. फक्त ती ओळ."

त्याने टॉवेल काढला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच सुरुवात केली. 'आई'पाशी गळ्यातून आवाजच निघाला नाही, नुसती हवा निघाली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा नाही केलं.

त्याने उरलेलं सँडविच टॉवेलात गुंडाळून ठेवलं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. वाटलं, कशाला आले मी.

"मी बर्लबद्दल बोलायचो तेव्हा तू मागे उभी असायचीस," तो म्हणाला.

"असायचे."

"हसायचीस?"

"नाही."

"आणि आर्व्हिल?"

"तो हसायचा."

"मला माहीत होतं, तो हलकट आहे."

मग मी टॅम्सिनचा निरोप सांगितला. तिचा गळा बसलाय, तिच्यासाठी आपण एमध्ये गातोय, झाकली मूठ राहील. तो ऐकत होता. शेवटी गिटार पुसत म्हणाला, "बरं. पोरीच्या गळ्यासाठी." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला, पण लगेच नाही.

म्हणजे मिटलं होतं. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणाची गोष्ट कबूल केली होती. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

संध्याकाळी ऊन डोंगरामागे गेल्यावर टॅम्सिनने त्याला स्टेजवर बोलावलं. माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. आमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांना मिळून एकच माइक, गाणारा पुढे येतो, बाकीचे कोपर सांभाळत बाजूला होतात. तिने आग्रह करून मला आणि आर्व्हिललाही वर घेतलं होतं, मी तिच्या बँडमधल्या पोराचा बास घेऊन मागे. डेन्झिलचा चाप दुसऱ्या पडद्यावर होता. मी दोनदा बघितलं. दुसरा पडदा, म्हणजे ए. खराखुरा, सगळ्यांच्या देखत.

टॅम्सिन माइकवर म्हणाली, "आज माझा गळा बरा नाही, म्हणून मिस्टर डेन्झिल माझ्यासाठी हे एमध्ये गाणार आहेत."

मग मागून कुणीतरी, बहुतेक ते अक्षरवाला शर्ट घातलेलं एखादं टोणगं, ओरडलं, "बी!" दुसरं ओरडलं. मग अख्खं मैदान. बी, बी, बी. बाया, म्हातारे, खांद्यावर बसलेली पोरं. त्यांचा प्रेमळ खेळ तो, त्यांना काय ठाऊक. टॅम्सिन हात हलवून नको नको करत होती. मी डेन्झिलकडे बघत होते. त्याचा चेहरा फुलत चालला होता, हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाचा होतो तसा.

"डेन्झिल," मी मागून म्हटलं. "डेन्झिल, नको."

त्याचा डावा हात गिटारच्या मानेवर गेला. चाप सैल झाला, दोन पडदे सरकला आणि चौथ्यावर आवळला गेला. मैदान गरजलं. टॅम्सिनच्या पोरांनी घाईघाईने आपापले चाप सरकवले. माझे हातही सवयीने बीमध्ये वाजवायला लागले.

पहिलं कडवं खालच्या अंगाचं आहे, ते त्याने निभावलं. ध्रुवपद आलं. राखेखाली निखारा झाकू नकोस. आणि 'आई'च्या तोंडाशी येऊन तो थांबला. तोंड उघडं, आवाज नाही. मी डोळे मिटून घेतले.

आणि पाच हजार लोकांनी 'आई' म्हटलं. त्यांना ते पाठ होतं. त्यांना वाटलं, हा आपल्यासाठी जागा सोडतोय. ती आरोळी डोंगरावर आपटून परत आली. मी डोळे उघडले तेव्हा डेन्झिलने कानामागे हात धरला होता, जणू असंच ठरलं होतं. पुढच्या ध्रुवपदाला तो आधीच थांबला. शेवटच्या ध्रुवपदाला तर माइकपासून दोन पावलं मागे जाऊन टोपी काढून उभा राहिला. लोक रडत होते. टॅम्सिनसुद्धा रडत होती. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं.

खाली उतरल्यावर मला म्हणाला, "पब्लिकला गाऊ द्यावं, ऑर्फी. त्यातच मजा आहे."

मी बास त्या पोराच्या हातात दिला आणि चालू लागले. तोंड उघडलं असतं तर तो शब्द शेवटचा ठरला असता.

ती रेकॉर्ड आली आणि हातोहात गेली. ज्याला त्याला तीच जागा आवडलेली. म्हातारा स्वतः न गाता लोकांना गायला लावतो, किती मोठं मन. आमच्याकडे आमंत्रणांची रांग लागली. आणि डेन्झिलने काय करावं? ज्या यंत्राला आयुष्यभर नावं ठेवली ते विकत आणलं आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी आर्व्हिलच्या मँडोलिनला लावून बघायला लागला. "आता खरा बी," म्हणायचा, "कुणाची चलाखी नको." खरा बी वाजत होता, आणि हा गात नव्हता. 'निखारा'मधली 'आई' लोक म्हणायचे. मग 'तीन नंबरची शिट्टी'मधली शिट्टी लोक मारायला लागले. 'बर्था'मधली ती वरची हाक लोकांनी घेतली. याचं काम नुसतं हात कानामागे नेण्याचं उरलं.

"आमच्या लबाडीत तू निदान गात तरी होतास," मी एकदा ट्रकमध्ये म्हटलं.

"लोक खूश आहेत."

"लोकांचं जाऊ दे. तुझा आवाज कुठाय?"

"बीमध्ये आहे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पालथ्या घड्यावर पाणी. आर्व्हिल गाडी चालवत होता, त्याने रेडिओ लावला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्या घराण्याच्या कबरी सजवायचा दिवस असतो. सगळी भावंडं, चुलत, मावस, ओहायोला गेलेले, सगळे डोंगरमाथ्यावर जमतात. गवत काढायचं, फुलं ठेवायची, उपदेशक दोन शब्द बोलतात, मग झाडाखाली टेबलं मांडून जेवण. जेवणाआधी डेन्झिल आईच्या कबरीपाशी उभा राहून 'निखारा' म्हणतो. तिला पुरलं त्या वर्षापासून. बाकीची सगळी भजनं सगळे मिळून म्हणतात, पण या गाण्यात कुणी तोंड घालत नाही. पुरुष टोप्या काढतात, बाया पोरांना गप्प करतात. ते गाणं त्याचं आणि आईचं, असं सगळ्यांनी न बोलता मानलेलं आहे.

त्याने गिटार घेतली. चाप चौथ्या पडद्यावर. मी बटाट्याच्या सॅलडवरची माशी उडवत उभी होते आणि मनात म्हणत होते, बघू आता कोण गातंय तुझ्यासाठी.

पहिलं कडवं झालं. ध्रुवपद आलं. राखेखाली निखारा झाकू नकोस, आणि त्याचा हात आपोआप कानामागे गेला.

कुणी काही म्हटलं नाही. म्हणणारच नव्हते. चाळीस माणसं माना खाली घालून उभी. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली तेवढा आवाज. त्याचा हात कानापाशी तसाच राहिला होता. मग त्याच्या लक्षात आलं. मी त्याचा चेहरा बघितला आणि माझा सगळा तोरा उतरला. मला वाटलं, आपण म्हणावी ती ओळ, कशीतरी, चुकीची का होईना. पण ती माझी नव्हती.

त्याने हात खाली घेतला. "माफ करा," असं कबरीकडे बघून म्हणाला. चाप दुसऱ्या पडद्यावर आणला आणि पहिल्यापासून सुरू केलं. एमध्ये. सगळ्या घराण्यासमोर. 'आई'पाशी आला, आणि आवाज पुन्हा फाटला. दोन महिने वरचा गळा वापरलाच नव्हता, एसुद्धा गेला होता. उन्हाळाभर पाच हजारांकडून गाऊन घेतलं, त्याची ही किंमत. त्याला गदागदा हलवावं असं मला वाटलं, मेल्या, तेव्हा तरी उतरायचं होतंस, तेव्हा होता ए तुझ्याकडे.

एका चुलतभावाने घसा खाकरला. उपदेशक टेबलांकडे बघायला लागले.

डेन्झिलने चाप काढला. पूर्ण काढला आणि खिशात टाकला. नुसती गिटार, तारा जशा आहेत तशा, म्हणजे जी. शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात जिथून गातात ती पट्टी. मी त्याला त्या पट्टीत कधी ऐकलंच नव्हतं. तो गायला. आवाज जाडाभरडा होता, दोन ठिकाणी घसरला, बर्लसारखाच वाटला म्हणा ना. 'आई' आली. ती फार उंच नव्हती, शेजारच्या खोलीतून हाक मारावी एवढीच होती. पण ती त्याने म्हटली. पुढची ओळ म्हटली, सगळी कडवी म्हटली, शेवटपर्यंत.

गाणं संपल्यावर तो आईच्या दगडापाशी वाकला.

"एवढंच राहिलंय गं," तो म्हणाला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तिथे वाजवत नाहीत.